तेलविहिरी आणि पर्यावरण: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयांत, महाविद्यालयांत आणि शेतकऱ्यांच्या बैठकांत या विषयावर बोलायला गेलो की तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. माझी बाजू आधीच सांगतो: देशात तेल काढूच नये असे मी म्हणत नाही. पण जिथे विहीर खणायची तिथल्या माणसांचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती खणू नये, असे माझे ठाम मत आहे. पुढची उत्तरे याच मतातून आली आहेत.

सोलापुरात एकही तेलविहीर नाही. मग हा आपला प्रश्न कसा?

पुणे रस्त्याने शहराबाहेर पडलात की पाकणी लागते. तिथल्या डेपोंतून टँकर भरून बाहेर पडताना आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांतला हिंदुस्थान पेट्रोलियमचा माल मुंबई-पुणे-सोलापूर या जमिनीखालच्या वाहिनीतून येतो. मुंबईतल्या शुद्धीकरण कारखान्यांत आखाती देशांचे कच्चे तेल येते, तसेच अरबी समुद्रातल्या मुंबई हायचेही येते. म्हणजे मोहोळमध्ये उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या टाकीत थोडे तरी मुंबई हायचे तेल असणारच.

वापर आपला आणि विहीर दुसऱ्याच्या दारात, अशी ही रचना आहे. विहिरीशेजारी राहणाऱ्यांचे काय होते हे जाणून घेणे म्हणूनच आपले काम आहे.

आपल्या जमिनीखाली तेल सापडू शकते का?

जवळजवळ नाहीच. तेल तयार व्हायला गाळाचे खडक लागतात. जुन्या समुद्रांच्या तळाशी साचलेले सूक्ष्म जीव गाळाखाली गाडले जातात आणि लाखो-कोट्यवधी वर्षे उष्णता व दाब सोसून त्यांचे तेल होते. आपल्या पायाखाली आहे तो काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा पसरला, त्याचा तो बनला. लाव्ह्यात तेल तयार होत नाही.

लाव्ह्याच्या खाली काय आहे, हा पुढचा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळाले आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल छिद्र पाडले. सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली थेट पुरातन स्फटिकी खडक. कोयनेला पाषाणाची जाडी बाराशे मीटरच्या वर निघाली आणि खाली गाळाचा थर सापडलाच नाही.

आपल्या भीमेचे नाव मात्र देशातल्या एका गाळाच्या खोऱ्याला आहे. ते कर्नाटकात कलबुर्गीच्या बाजूला पसरले आहे. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी तिथलीच. पण ते खडक इतके पुरातन आहेत की तिथे तेलाची आशा फारच कमी धरली जाते. देशात अशी एकूण २६ गाळाची खोरी मोजली जातात, आणि खरे उत्पादन मोजक्याच खोऱ्यांतून होते.

आमच्या विहिरीच्या पाण्यावर तेलकट तवंग येतो. ते काय असते?

बहुतेक वेळा ते लोहयुक्त पाण्यातल्या जिवाणूंचे काम असते. काठीने तवंग हलवून पाहा. लोहाचा तवंग काचेसारखा तुकडे होऊन फुटतो, तेलाचा तवंग फाटला तरी पुन्हा जुळतो. तो जुळत असेल आणि पेट्रोल-डिझेलचा वास येत असेल, तर जवळपास एखादी साठवण टाकी गळते आहे का ते तपासायला हवे. तसे पाणी पिऊ नका, जनावरांनाही देऊ नका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.

देशात तेल निघते तरी किती?

२०११-१२ मध्ये देशात सुमारे ३.८ कोटी टन कच्चे तेल निघाले. २०२३-२४ मध्ये ते २.९ कोटी टनांवर आले. त्याच वर्षी देशाने २३ कोटी टनांहून अधिक पेट्रोलियम उत्पादने वापरली. गरजेच्या सुमारे ८८ टक्के कच्चे तेल बाहेरून येते.

घट का झाली? मोठी क्षेत्रे म्हातारी झाली. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले आणि १९७६ पासून उत्पादन देऊ लागले. राजस्थानातले बाडमेरचे मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडले, तिथले तेल २००९ पासून येऊ लागले. त्यानंतर त्या तोलामोलाचे नवे तेलक्षेत्र हाती लागलेले नाही. सरकारने २०१६ मध्ये तेलशोधाच्या परवान्यांचे धोरण सैल केले. पूर्वी शोधाला बंद असलेले सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर समुद्रक्षेत्रही नंतर खुले केले.

जास्त विहिरी खणल्या तर पेट्रोल स्वस्त होईल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर ऐकून लोक सगळ्यात जास्त नाराज होतात. पण गैरसमजावर आधारलेला पाठिंबा उपयोगाचा नाही.

भारतात निघालेले कच्चे तेलही जागतिक बाजाराच्या दराने विकले जाते. बाडमेरचे तेल आपले आहे म्हणून ते कोणी अर्ध्या किमतीत देत नाही. पंपावरच्या दरात त्याशिवाय केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर असतो. कर्नाटकच्या हद्दीत गेल्यावर दर बदलतो तो विहिरीमुळे नाही, करामुळे.

अमेरिकेकडे पाहा. जगात सर्वाधिक कच्चे तेल आज तोच देश काढतो. तरीही युक्रेन युद्धानंतर, जून २०२२ मध्ये, तिथे पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला होता. अलास्कातल्या आर्क्टिक अभयारण्यात विहिरी खणाव्यात की नाही यावर तिथे दशकानुदशके भांडण चालू आहे, आणि स्वस्त पेट्रोलचे आश्वासन दर वेळी दिले जाते. त्या आश्वासनाला बाजाराचा आधार नाही.

मग देशात तेल काढायचेच कशाला?

त्याची कारणे खरी आहेत आणि पर्यावरणाची बाजू घेणाऱ्यांनी ती टाळू नयेत. पहिले कारण परकीय चलन. घरात निघालेला प्रत्येक टन आयातीचा खर्च वाचवतो. दुसरे, अडचणीच्या काळातला आधार. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पदूर इथे जमिनीखालच्या गुहांमध्ये मिळून ५.३३ दशलक्ष टन तेल साठवता येते. देशाची भूक पाहता तो साठा थोड्याच दिवसांचा आहे. आखातात युद्ध भडकले तर स्वतःच्या विहिरी कामाला येतात. राज्यांना स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळते, तेही आहेच.

तिसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. आपण इथे विहीर खणली नाही म्हणून ते तेल जमिनीत राहते असे नाही. मागणी तीच राहिली तर ते दुसरीकडून येते. नायजेरियाच्या ओगोनीलँडमध्ये तेलगळतीने जमीन आणि पाणी इतके नासले की संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ च्या अहवालात सफाईला २५ ते ३० वर्षे लागू शकतील असे म्हटले. जहाजातून तेल आपल्या दारातही सांडू शकते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर झाली आणि त्यातल्या एमएससी चित्रा या मालवाहू जहाजातून शेकडो टन इंधन समुद्रात सांडले. काळ्या पडलेल्या तिवरांची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली होती. तेव्हा ‘आपल्याकडे नको’ एवढे म्हणून निसर्ग वाचत नाही. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, मग ते कुठल्याही देशातले असो.

तेलविहिरीने नेमके काय बिघडते?

बोअरची गाडी शेतात येते, रात्रभर आवाज, सगळीकडे राखाडी भुकटी, हे आपल्याला माहीत आहे. तेलविहीर याच जातीची, पण दोन-चार किलोमीटर खोल, आणि खालून वर येऊ पाहणारा दाब प्रचंड. तो दाबून धरायला विहिरीत जड चिखल भरतात. त्यात बेंटोनाइट माती, बराइट आणि रसायने असतात. विहिरीला पोलादी नळ्या आणि सिमेंटचे अस्तर करतात, तोंडावर दाब अडवणाऱ्या झडपांचा संच बसवतात. झडप, सिमेंट किंवा माणसाचा निर्णय चुकला की उद्रेक होतो.

पण उद्रेक ही क्वचित घडणारी गोष्ट. रोजचे नुकसान वेगळे असते. तेलाबरोबर खारे पाणी वर येते. विहीर जुनी होत जाते तसे तेल कमी आणि पाणी जास्त. ते पुन्हा खोल जमिनीत सोडले तर ठीक, शेतात किंवा ओढ्यात सोडले तर जमीन खारपड होते. शिवाय अतिरिक्त वायू जाळणारी ज्योत, तिचा रात्रंदिवस उजेड, गळणारा मिथेन, जड वाहनांचे रस्ते आणि त्या रस्त्यांनी तुटलेले जंगल. यांतले बरेचसे चांगल्या कामाने आटोक्यात ठेवता येते. ओल्या पाणथळीचे मात्र तसे नाही. तिथे एकदा सांडलेले तेल गवतात, चिखलात आणि माशांत मुरते.

बाघजानला काय झाले होते?

बाघजान हे आसाममधल्या तिनसुकिया जिल्ह्यातले गाव. आशियातल्या सर्वांत जुन्या तेलविहिरींपैकी एक जिथे खणली गेली, तो डिगबोईचा भाग याच जिल्ह्यात येतो. म्हणजे तेल त्या लोकांना नवीन नाही. गावाच्या एका बाजूला डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला मागुरी-मोटापुंग नावाची मोठी पाणथळ. हिवाळी पक्षी, मासे, गांगेय जातीची डॉल्फिन, यांवर तिथली कुटुंबे जगतात. काहींची मासेमारी, काहींच्या होड्या पर्यटकांसाठी, काहींचे छोटे चहाचे मळे.

२७ मे २०२० रोजी ऑइल इंडिया या सरकारी कंपनीच्या पाच क्रमांकाच्या विहिरीवर दुरुस्तीचे काम चालू होते. दाब अडवणारा झडपांचा संच काढलेला असताना विहीर उसळली. टाळेबंदीचा काळ. वायू आणि त्याबरोबरचे पातळ तेल हवेत फेकले जाऊ लागले आणि आसपासच्या गवतावर, चहावर, पाण्यावर त्याचा थर बसला. डॉल्फिनचा मृतदेह सापडला. ९ जूनला विहिरीने पेट घेतला. अग्निशमन दलातले दोन कर्मचारी त्यात गेले. परदेशातून तज्ज्ञ आले, तरी विहीर पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. हजारो लोक छावण्यांत राहिले, कित्येकांची घरे जळाली, आणि भरपाईचे वाद पुढे राष्ट्रीय हरित लवादात आणि न्यायालयांत गेले.

माझ्या मनातून जात नाही ती तारखांची जवळीक. त्याच मे महिन्यात, उद्रेकाच्या काही दिवस आधी, पर्यावरण मंत्रालयाने डिब्रू-सैखोवाच्या खाली पोहोचणाऱ्या सात नव्या विहिरींना मंजुरी दिली होती. विहिरींची तोंडे उद्यानाबाहेर आणि नळ्या तिरक्या आत, अशी ती योजना. पुढे गुवाहाटी उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. उद्यानाच्या पृष्ठभागाला हात लागणार नाही हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. पण बाघजानची विहीरही उद्यानाबाहेरच होती. आग आणि तेल नकाशावरची सीमा पाळत नाहीत.

हा प्रकार एकटा नाही. जानेवारी १९९५ मध्ये आंध्रातल्या पासरलापुडीला ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीची विहीर पेटली ती ६५ दिवस धुमसत होती.

कायद्यात नेमकी अडचण कुठे आहे?

जानेवारी २०२० च्या एका अधिसूचनेत. तोवर तेल-वायूचा शोध घेणारी विहीरही ‘अ’ वर्गात होती. म्हणजे पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करा, तो लोकांसमोर मांडा, जनसुनावणी घ्या, मग केंद्राकडे जा. अधिसूचनेने शोधविहिरींना ‘बी-२’ वर्गात टाकले. या वर्गात ना परिणाम-अभ्यासाचा पूर्ण अहवाल लागतो ना जनसुनावणी. उत्पादनाची विहीर अजून जुन्याच वर्गात आहे.

बाघजानचा अपघात या बदलामुळे झाला असे म्हणणे चूक ठरेल. ती विहीर आधीपासून उत्पादन देत होती. माझा आक्षेप वेगळा आहे. शोधविहिरीलाही तेवढाच खोल दाब सहन करावा लागतो, आणि खाली काय आहे याची माहिती तर उत्पादनविहिरीपेक्षा कमी असते. सगळ्यात अनोळखी टप्प्यावर लोकांना बोलण्याची संधी नाही आणि पैसा गुंतल्यावर सुनावणी, हा क्रम उलटा आहे.

तामिळनाडूत लोकांनी वेगळा मार्ग काढला. नेडुवासलच्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये मोठे आंदोलन केले आणि २०२० मध्ये राज्याने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासाठी संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला. तिथे नव्या तेल-वायू शोधाला बंदी आहे. इक्वेडोरमध्ये तर ऑगस्ट २०२३ मध्ये सार्वमत झाले आणि यासुनी जंगलातल्या एका तेलक्षेत्रातले उत्पादन बंद करावे असा कौल बहुसंख्य मतदारांनी दिला.

समुद्रातल्या विहिरी जास्त सुरक्षित नाहीत का? तिथे तर कोणी राहत नाही.

राहतात. पालघर-वसईचे कोळी बांधव तेलशोधाच्या भूकंपलहरी सर्वेक्षणाला विरोध करतात, कारण ऐन हंगामात त्यांना तो पट्टा सोडावा लागतो. आणि विहिरीवर काम करणारी माणसे असतात. २७ जुलै २००५ ला, मुंबई पाण्याखाली असताना, मुंबई हायच्या उत्तर फलाटाला एक जहाज आदळले आणि आगीत २२ जण गेले. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये डीपवॉटर होरायझन फुटले तेव्हा ११ कामगार दगावले आणि तेल ८७ दिवस समुद्रात वाहत राहिले.

नाणार-बारसूचा वाद हाच ना?

तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या तेल शुद्धीकरण कारखान्याचा वाद आहे, विहिरीचा नाही. कच्चे तेल तिथे बाहेरूनच येणार होते. पण बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्त लावावा लागला, त्याचे मूळ एकच: गावाला शेवटी विचारले जाते.

पर्यावरणवाले लोकांचे तरी ऐकतात का? नान्नजला काय झाले?

हा प्रश्न उत्तर सोलापूरचे आणि करमाळ्याचे शेतकरी रागाने विचारतात आणि त्यांचा राग रास्त आहे. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी नान्नजचे अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे, शेते, रस्ते, सगळे आले. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर वर्षानुवर्षे बंधने राहिली. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केले. तोवर माळढोक आपल्या माळावरून जवळजवळ गेलाच होता.

लोकांना न विचारता काढलेली विहीर जशी चूक, तसेच लोकांना न विचारता आखलेले अभयारण्यही. गवताळ माळ राखणाऱ्या धनगरांना आणि कोरडवाहू शेतकऱ्यांना सुरुवातीपासून सोबत घेतले असते, तर आज नान्नजला काही वेगळे दिसले असते असे मला मनापासून वाटते.

इथेनॉल हा उपाय नाही का? आपला जिल्हा तर साखर कारखान्यांचा.

काही प्रमाणात आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. तेवढे कच्चे तेल वाचले आणि उसाचे पैसे वेळेवर मिळायला कारखान्यांना मदत झाली. मळीपासून होणारे इथेनॉल तर उपपदार्थाचा चांगला वापरच.

पण पाण्याचा हिशेब सोलापूरने तरी विसरू नये. साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावते, त्यातले निम्म्याहून कमी उपयुक्त. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी शहराला पाच-सहा दिवसांनी नळ येतो आणि सांगोला-मंगळवेढ्यात टँकरची वाट पाहतात. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी पडणार म्हणून केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध घातले, तेव्हा कर्ज काढून आसवन्या (डिस्टिलरी) उभारलेल्यांची झोप उडाली होती. इंधनाची भूक उसावर टाकली की ती पावसावर टाकल्यासारखी होते.

मग तुमच्या मते करावे काय?

आधी जुन्या क्षेत्रांतून जास्त तेल काढावे. साधारणपणे एखाद्या तेलसाठ्यातले एक-तृतीयांशच तेल वर येते, बाकी खडकात अडकून राहते. मंगलामध्ये पाण्यात पॉलिमर मिसळून ते आत सोडतात आणि अडकलेले तेल ढकलतात. मुंबई हायसाठी ओएनजीसीने २०२५ मध्ये बीपी या कंपनीची तांत्रिक मदत घेतली ती याच कामासाठी. तिथे रस्ते, नळ्या, फलाट आधीच आहेत, नवी पाणथळ मोडावी लागत नाही.

राष्ट्रीय उद्याने, त्यांच्या कडेचा पट्टा आणि पाणथळी यांत नवी विहीर नको, तिरकी नळी घालूनही नको. शोधविहिरींची जनसुनावणी परत आणावी. आणि मागणी कमी करावी. सोलापुरात त्याची सुरुवात वेळेवर येणाऱ्या शहर बसपासून होते. बस नाही म्हणून घरटी दोन दुचाकी घ्याव्या लागणाऱ्या शहराने तेलबचतीवर नुसते बोलून भागणार नाही. इथल्या उन्हावर शेतपंप चालवले तर डिझेल इंजिनांचा खर्चही वाचतो.

आपल्यासारख्याला आक्षेप कुठे नोंदवता येतो?

पर्यावरण मंत्रालय नियमांत बदल करते तेव्हा बहुतेकदा आधी मसुदा राजपत्रात येतो आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस मिळतात. हरकत मराठीतून, ईमेलने पाठवली तरी चालते. मुद्दा नेमका लिहा: कोणते कलम, काय बदल हवा, का हवा. प्रकल्पांचे अर्ज, अहवाल आणि मंजुरीच्या अटी मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर असतात.

आपल्या जिल्ह्यातल्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका आणि जिल्हा उद्योग केंद्रात ठेवावा लागतो, सारांश मराठीत असावा लागतो. सुनावणीत बोललेले प्रत्येक म्हणणे इतिवृत्तात यायला हवे. ते वाचून दाखवण्याचा आग्रह धरा आणि लेखी प्रतीवर पोच घ्या.

एक गोष्ट खास आपल्यासाठी. जून २०२१ मध्ये मंत्रालयाने इंधनात मिसळण्यापुरतेच इथेनॉल बनवणाऱ्या, ठरावीक अटी पाळणाऱ्या प्रकल्पांनाही ‘बी-२’ वर्गात आणले. आसाममधल्या शोधविहिरीला मिळालेली सुनावणीची सूट आपल्या ओढ्याकाठच्या आसवनीलाही मिळू शकते. गावाजवळ नवी आसवनी येत असेल किंवा जुनी वाढत असेल, तर ‘परिवेश’वर तिचा वर्ग कोणता लिहिला आहे ते आधी पाहा. ‘बी-२’ असेल तर सुनावणीची सूचना येणारच नाही. अशा वेळी ग्रामसभेत विषय घेऊन ठराव करा आणि अर्ज तपासणीत असतानाच तो संबंधित तज्ज्ञ मूल्यांकन समितीला पाठवा.